घर मोठं होईल, पण अंतर कोणाच्या वाट्याला?

पत्र (थोडं संक्षिप्त करून): "आम्ही पाच जण दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहतो. मी, नवरा, १४ वर्षांची मुलगी, ५ वर्षांचा मुलगा आणि ७२ वर्षांच्या सासूबाई. घर शहराच्या जुन्या भागात, माझं ऑफिस तिथून २५ मिनिटांवर. आता शहराबाहेर नव्यानं वाढणाऱ्या उपनगरात आमच्या ऐपतीत चार खोल्यांचं घर मिळतंय. समोर मोकळं माळरान, वारा, उजेड. नवरा त्या घराच्या प्रेमातच पडलाय. त्याचं काम आठवड्यातले चार दिवस घरूनच चालतं. मला मात्र तिथून ऑफिस गाठायला सव्वा तास लागेल. चार-पाच वर्षांत रेल्वे येईल, मोठा रस्ता होईल, मग प्रश्नच मिटेल, असं सगळे सांगतात. मुलगी साफ नाही म्हणते. सासूबाई 'तुम्ही न्याल तिथे येईन' एवढंच बोलतात. महिन्याभरात कळवायचं आहे. मनापासून हो म्हणवत नाही आणि नाही म्हणायला ठोस कारण सापडत नाही. मी उगाच घाबरते आहे का?"

ताई,

तुम्ही उगाच घाबरत नाही आहात. नाही म्हणायला कारण सापडत नाही असं लिहिलंत, पण ते तुमच्याच पत्रात आहे. चार खोल्यांचं सुख घरातल्या पाचही जणांना मिळेल. त्या खोल्यांसाठी जे अंतर सोसायचं आहे, ते मात्र पाच जणांत सारखं वाटलं जाणार नाही. त्यातलं बरंचसं तुमच्या वाट्याला येईल, थोडं मुलीच्या, आणि एक मोठा, न दिसणारा वाटा सासूबाईंच्या. तुमच्या यजमानांना आठवड्यातून एकदाच जावं लागणार, म्हणून त्यांना ते घर जसं दिसतं तसं तुम्हाला दिसत नाही. दोघांचंही पाहणं खरं आहे. म्हणून जागा चांगली की वाईट हा वाद बाजूला ठेवा. या घरातल्या प्रत्येकाचा दिवस तिथे कसा जाईल, हे एकेकाचं नाव घेऊन बघू या.

आधी तुमचा दिवस. आज २५ मिनिटं, उद्या ७५. जाताना ५० मिनिटं जास्त, येताना ५०, म्हणजे रोजची १०० मिनिटं. वर्षाचे २४० कामाचे दिवस धरले तर ४०० तास होतात. आठ तासांचा एक दिवस असा हिशेब केला तर वर्षातले ५० पूर्ण कामाचे दिवस तुम्ही उभ्यानं किंवा खिडकीला डोकं टेकून घालवणार. हा आकडा एका कागदावर लिहा आणि यजमानांसमोर ठेवा. भांडायला नाही. "सव्वा तास" असं म्हटलं की तो सोसवेलसा वाटतो, ५० दिवस म्हटलं की त्याचं खरं वजन कळतं.

सेझारे मार्केटी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञानं १९९४ साली एक निरीक्षण मांडलं. त्याआधी याकोव झहावी यांनी प्रवासाच्या वेळेवर जे काम केलं होतं, त्याचा आधार त्याला होता. पायी चालण्याच्या काळापासून मोटारीच्या काळापर्यंत माणूस रोज जाऊन-येऊन सरासरी साधारण एक तासच प्रवासाला देत आला आहे, असं ते निरीक्षण. वाहन वेगवान झालं की माणूस वेळ वाचवत नाही, तो आणखी लांब राहायला जातो. उपनगरं अशीच पसरत गेली. तुमचा आजचा प्रवास जाऊन-येऊन ५० मिनिटांचा आहे, म्हणजे त्या जुन्या मापात अगदी नीट बसतो. उद्याचा अडीच तासांचा असेल. अनेक जण असा प्रवास वर्षानुवर्षं करतात, मीही केला आहे. पण तुमचं मन कचरतंय ते भित्रेपणानं नाही. सरासरी माणूस जेवढं सोसत आला आहे, त्याच्या अडीचपट तुमच्याकडून मागितलं जातंय.

आता "चार-पाच वर्षांत रेल्वे येईल" हे वाक्य. ताई, माझी एकच विनंती आहे. जे आज उभं आहे तेवढंच धरून निर्णय घ्या. रेल्वे आली तर आनंदच आहे, पण निर्णय तिच्या भरवशावर नको. आज ५ वर्षांचा असलेला तुमचा मुलगा तेव्हा १० वर्षांचा असेल. मुलीची तर शाळा संपलेली असेल. वाट पाहण्यात जी वर्षं जातील तीच नेमकी तुमच्या घराची मोलाची वर्षं आहेत. ती रेल्वे पुढं भरून देणार नाही.

मोठ्या रस्त्याचं तर आणखी वेगळं आहे. अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं १९६२ मध्येच दाखवून दिलं होतं की गर्दीच्या वेळी शहरातला द्रुतगती मार्ग कितीही क्षमतेचा बांधला तरी वाहनं त्या क्षमतेपर्यंत भरत जातात. पुढं २०११ मध्ये जिल ड्युरँटन आणि मॅथ्यू टर्नर यांनी अमेरिकेतल्या शहरांची आकडेवारी तपासली. महामार्गांच्या मार्गिका जितक्या पटीनं वाढल्या, जवळपास तितक्याच पटीनं वाहनांचं धावणंही वाढलेलं त्यांना आढळलं. वाढत्या उपनगरात हे सहज समजतं. रस्ता रुंद झाला की तुमच्यासारखीच आणखी हजार कुटुंबं म्हणतात, "आता इथं राहायला हरकत नाही." मग ती सगळी सकाळी आठ वाजता त्याच रस्त्यावर उतरतात. तेव्हा सव्वा तासाचा पुढं पाऊण तास होईल असं गृहीत धरू नका. तो दीड तास झाला तर चालेल का, हे स्वतःला विचारून ठेवा.

मग लोक तिथं जातात ते काय सगळेच चुकतात? मुळीच नाही. मी स्वतः अशा टोकाच्या वस्तीत १८ वर्षं राहिले आहे आणि मला तिथून काय मिळालं ते मला ठाऊक आहे. स्वतःच्या खोलीचं दार लोटून घेता येणं ही फार मोठी गोष्ट असते. तुमची मुलगी आज कुठे बसून अभ्यास करते, रडायचं असेल तर कुठे जाते? पाच माणसांच्या दोन खोल्यांत एकमेकांवर विनाकारण चिडणं किती होतं, हे पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला ओळी वाचताना जाणवलं. चार खोल्या ही चैन नाही, ती तुमची गरज आहे, आणि यजमानांचा हट्ट या गरजेतूनच आलेला आहे. त्यांना स्वप्नाळू समजू नका.

दुसरं सुख नव्या वस्तीत असं असतं की तिथं सगळेच नवे असतात. जुन्या भागात ओळखीपाळखी पिढ्यांच्या असतात, नवख्याला शिरायला वेळ लागतो. नव्या इमारतीत प्रत्येकाला शेजारी हवा असतो. लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० मध्ये एका विद्यापीठाच्या नव्या वसाहतीतल्या मैत्रीचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोणाची मैत्री कोणाशी झाली, हे स्वभावापेक्षा दारं किती जवळ आहेत आणि जिना कुठून जातो यावर फार ठरलेलं दिसलं. शेजारच्या दाराशी मैत्री सर्वांत जास्त, आणि जिन्याच्या तोंडाशी राहणाऱ्यांना दुसऱ्या मजल्यावरचेही मित्र. म्हणून नव्या वस्तीत घर निवडताना मी सगळ्यांना सांगते, कोपऱ्यातलं निवांत घर बघू नका. जिथून माणसं येता-जाता दिसतात ते घर घ्या. तुमच्या धाकट्यासाठी तर हे सोनं आहे. अशा वस्तीत बहुतेक कुटुंबं एकाच वयाची येतात, त्यामुळे पाच-सहा वर्षांची पोरं ढीगभर असतात. संध्याकाळी खाली उतरलं की खेळ सुरू.

याच गोष्टीची दुसरी बाजूही सांगते. सगळी मुलं एकाच वयाची, म्हणजे सगळ्यांना शाळा एकाच वेळी लागते. वर्ग खच्चून भरतात, दोन पाळ्या होतात, तात्पुरत्या खोल्या उभ्या राहतात. आणि हीच मुलं मोठी होऊन गेली की त्याच शाळा ओस पडायला लागतात. तुमचा मुलगा ऐन भरतीच्या लाटेवर शाळेत जाईल. शाळेत प्रवेश मिळतो का यावर थांबू नका, एका वर्गात मुलं किती बसतात ते डोळ्यांनी बघून या.

अशा ठिकाणी सोयी मागून का येतात, हेही समजून घ्या, म्हणजे कोणी फसवलं असं वाटणार नाही. घरं एकेक करून विकली जातात, माणसं हळूहळू येतात. बस, दवाखाना, वाचनालय, पोलीस चौकी यांना मात्र एकदम पुरेशी माणसं लागतात, तेव्हाच ते परवडतं. कराचा पैसाही माणसं राहायला आल्यानंतरच जमा होतो. त्यामुळे आधी कळस मग पाया अशी तिथली रीतच असते: इमारत उभी, गटार नंतर, दिवे घरात, रस्त्यावर नाहीत. पहिली दहा-बारा वर्षं जे येतात ते पुढच्यांसाठी झीज सोसतात. कोणीतरी सोसतंच. फक्त ते आपण जाणूनबुजून पत्करतोय की नकळत, एवढा फरक.

मला ती झीज एका रात्री कळली. राहायला जाऊन दुसरं वर्ष होतं, माझे वडील माझ्याकडे आले होते. रात्री अडीचला त्यांच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिका बोलावली, ती निघालीही लगेच. पण आमच्या रस्त्याला तोवर नावच नव्हतं. नकाशात तो दिसायचा नाही. चालक फोनवर विचारत होता, "कोणत्या खुणेजवळ?" आणि खूण म्हणून सांगायला माझ्याकडे एक अर्धवट बांधलेली भिंत आणि खडीचा ढीग एवढंच होतं. तसे ढीग त्या भागात वीस होते. शेवटी मी टॉर्च घेऊन मोठ्या रस्त्याच्या वळणावर जाऊन उभी राहिले आणि हात वर करून तो हलवत राहिले. गाडी दोनदा समोरच्या फाट्यावरून निघून गेलेली मी पाहिली. वडील वाचले. पण त्या घराबद्दल कोणी विचारलं की खोल्यांच्या आधी मला ते वळण आठवतं. तेव्हा तिथं जाल त्या दिवशी जवळचं रात्रभर उघडं असणारं रुग्णालय कुठे आहे आणि तिथं पोचायला खरोखर किती मिनिटं लागतात, ते घड्याळ लावून बघा. घरात ७२ वर्षांचं माणूस आहे.

माळरानाबद्दल दोनच वाक्यं. खिडकीतून दिसणारं मोकळं रान तुमच्या मालकीचं नाही, आणि ज्या कारणानं तुम्ही तिथं जाताय त्याच कारणानं उद्या कोणीतरी त्या रानावर इमारत बांधून राहायला येईल. नगररचनेच्या कार्यालयात जाऊन आराखड्यात त्या जागेवर काय दाखवलंय ते पाहा: बाग किंवा मैदान म्हणून राखीव असेल तर आशा ठेवा, निवासी असेल तर समोर भिंत आहे असं समजूनच घर बघा. माझ्या समोरचं रान चौथ्या वर्षी गेलं. त्यानंतर तीन वर्षं सकाळी पुसलेल्या खिडकीच्या चौकटीवर संध्याकाळी बोटानं रेघ ओढता येईल इतकी सिमेंटची धूळ बसायची.

आता मुलीबद्दल, कारण तिचं "नाही" तुम्ही एका वाक्यात लिहून पुढं गेलात.

हर्बर्ट गॅन्स नावाचे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ १९५८ मध्ये न्यू जर्सीतल्या लेव्हिटाउन या नव्याकोऱ्या उपनगरात घर घेऊन राहायला गेले आणि जवळजवळ दोन वर्षं तिथल्या लोकांत राहून त्यांनी अभ्यास केला. तेव्हा अशा उपनगरांवर शहरी विचारवंतांची मोठी टीका असायची, की तिथं माणसं एकलकोंडी आणि एका छापाची होतात. गॅन्सना तसं दिसलं नाही. बहुतेक कुटुंबं खूश होती, घर मोठं झाल्याचं त्यांना खरं समाधान होतं. पण दोन गटांचे हाल त्यांना दिसले. एक, किशोरवयातली मुलं. ती वस्ती लहान मुलांच्या आईबापांसाठी आखलेली होती. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना जमायला जागा नाही, कुठे जायला वाहन नाही, सगळीकडे मोठ्यांनी नेऊन सोडायचं. दुसऱ्या, ज्या बायकांची आई-बहिणी-मैत्रिणी जुन्या शहरात मागे राहिल्या होत्या त्या.

साठ-पासष्ट वर्षं झाली, पण नव्या वस्त्या आजही साधारण याच नजरेनं आखल्या जातात. झोपाळा, घसरगुंडी असते. चौदा वर्षांच्या मुलीनं संध्याकाळी मैत्रिणीबरोबर पायी कुठे जावं, याचं उत्तर नसतं. आज ती स्वतःच्या पायांनी शाळेत जाते, क्लासला जाते, वाटेत थांबते. तिथं गेल्यावर ती पुन्हा तुमच्या सोडण्या-आणण्यावर येईल, ज्या वयात मूल सुटं व्हायला लागतं त्याच वयात. तिचं नाही म्हणणं हा हट्ट नाही. तिच्याशी बसा आणि "तुझं तिथं काय तुटेल?" एवढंच विचारा. यादी मोठी निघेल, ती मध्ये न बोलता ऐका. शाळा तीच ठेवायची असेल तर तिलाही तुमच्याइतकाच प्रवास लागेल, हेही हिशेबात धरा.

आणि सासूबाई. "तुम्ही न्याल तिथे येईन" हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. या वाक्याला संमती समजू नका, ताई. आपल्यामुळे मुलाच्या सुखात अडथळा नको, म्हणून म्हातारी माणसं असं बोलतात. आज त्या दिवसभरात स्वतःहून काय काय करतात, ते एक आठवडा नुसतं बघा. चष्म्याची काडी सुटली तर त्या स्वतः जाऊन बसवून आणत असतील. डॉक्टर दोन गल्ल्या सोडून असतील, त्यांची तब्येत त्याला तोंडपाठ असेल. कोपऱ्यावरच्या बाकावर रोजची दोन-तीन माणसं भेटत असतील. ही सगळी त्यांची चालत जाण्याच्या अंतरातली सत्ता आहे. नव्या जागी लिफ्ट असेल, उजेड असेल, गुडघ्यांना आराम पडेल, हे खरं. पण औषधाच्या पट्टीसाठीसुद्धा कोणाला तरी सांगावं लागेल. काहींना ते जमतं, आणि नव्या वस्तीत इतर आजी-आजोबांचा गट मिळाला तर त्या खुलतातही. माझ्या शेजारच्या आजी खुलल्या होत्या. माझ्या आईला मात्र कधी जमलं नाही. ती सहा महिन्यांत गॅलरीतल्या खुर्चीवरची झाली, आणि हे मला फार उशिरा लक्षात आलं.

तुम्ही माझं मत विचारलंय, तर स्पष्ट सांगते. ते घर या महिन्यात विकत घेऊ नका. महिन्याची मुदत घर विकणाऱ्यांच्या सोयीची आहे, तुमच्या नाही. वाढत्या उपनगरात घरं संपत नाहीत, दरवर्षी नवी निघतात. यजमानांना खरोखर तिथं राहायचं असेल तर त्याच वस्तीत एक वर्ष भाड्यानं राहून पाहा. पावसाळा, उन्हाळा, शाळा सुरू होण्याचा आठवडा, सगळं त्यात येऊ द्या. तुम्ही आजही भाड्यानंच राहता, त्यामुळे गमावण्यासारखं फार नाही. सामान हलवायचा त्रास आणि खर्च आहे, तो मान्य. पण चुकीचं घर विकायला निघण्यापेक्षा तो त्रास पुष्कळ हलका.

मुलीचं शाळेचं वर्ष मोडणार असेल तर भाड्यानं जाणंही थांबवा. शहराच्या जुन्या भागापासून थोडं बाहेर, पण जिथं गाडी आजच थांबते अशा ठिकाणी तीन खोल्या मिळतात का ते बघा. चारऐवजी तीन, आणि ७५ ऐवजी ४० मिनिटं. मी तुमच्या जागी असते तर मला हाच व्यवहार पटला असता. चौथी खोली सगळ्यांना थोडी थोडी मिळेल. ती ३५ मिनिटं मात्र सकाळ-संध्याकाळ एकट्या तुम्हाला मिळतील, आणि तुम्ही दमून-चिडून घरी न आल्याचं सुख पुन्हा सगळ्यांना.

यजमान तरीही ठाम असतील, आणि तुमचंही मन तिकडे झुकलं, तर जाण्याआधी घरातली कामं नव्यानं वाटून घ्या. कागदावर. जो घरी आहे त्यानं सकाळचा डबा, धाकट्याची शाळा, आईंचा डॉक्टर, संध्याकाळचा स्वयंपाक हे सगळं घ्यायचं. "मदत करीन" हा शब्द नको. तुमचे रोजचे अडीच तास जाणार असतील तर त्यांचे निदान दीड तास घरात जायला हवेत. हे बोलणं आज अवघड वाटेल, पण तिथं गेल्यावर दुसऱ्या महिन्यात रात्री नऊ वाजता बोलणं याहून अवघड जाईल.

काहीही ठरवण्याआधी एक करा. सुटीच्या दिवशी घर दाखवायला नेतात, तेव्हा रस्ते रिकामे असतात आणि डोंगर दुरून साजरेच दिसतात. तुम्ही एखाद्या मंगळवारी जा. आदल्या रात्री तिथंच कोणाकडे तरी मुक्कामाची सोय होते का बघा. सकाळी ऑफिसच्या वेळेला, ऑफिसची पिशवी खांद्याला लावून तिथून निघा आणि ऑफिसच्या दारापर्यंत जा. संध्याकाळी तशाच परत या. यजमानांनाही बरोबर घ्या, दोन्ही वेळा, उभ्यानं. मुलीला दिवसभर तिथं फिरू द्या आणि सासूबाईंना इमारतीच्या दारापासून जवळच्या औषधाच्या दुकानापर्यंत स्वतःच्या पायांनी जाऊन येऊ द्या, तुम्ही मागे न लागता. तिथं चार-पाच वर्षं राहिलेल्या एखाद्या बाईला गाठून सर्वांत वरच्या मजल्यावर नळाला पाणी किती वेळ आणि किती जोरानं येतं ते विचारा. शेवटची बस किती वाजता सुटते, हे वेळापत्रकात बघून भागणार नाही, थांब्यावर उभं राहून बघा.

आणि टॉर्च बरोबर असू द्या. थांब्यापासून इमारतीपर्यंत दिवे आहेत की नाहीत, ते त्याच वेळी कळेल.